सातारा ते गुहागर: कोयनेच्या पाण्यामागून पाच दिवस

सातारा जिल्ह्यातलं पाणी पूर्वेला जातं, हे शाळेतच पाठ होतं. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेपासून अरबी समुद्र हवाई अंतराने अवघा ६४ किलोमीटर. तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. कोयना तिला कराडला गाठते. पण कोयनेचं बरंचसं पाणी शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांमधून पश्चिमेला उतरतं, पोफळीची जनित्रं फिरवतं, कोळकेवाडी-अलोरे करत वाशिष्ठीत पडतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत समुद्राला जाऊन मिळतं. साताऱ्याहून समुद्र गाठायचा एक सरळ रस्ताही याच पाण्याला धरून जातो: उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. अंतर साधारण १७० किलोमीटर.

समुद्रावर गेलं की मन शांत होतं, असं सगळेच म्हणतात. ते कशाने होतं, कोणाचं होत नाही आणि साताऱ्यात परतल्यावर त्यातलं काय टिकतं, हे पाहायला पाच दिवस पुरतात. अट एकच: बेत भरती-ओहोटी बघून आखायचा. शनिवार-रविवार बघून आखलेल्या बेतात गाड्यांचे हॉर्न आणि वाळूवरचे स्पीकरच ऐकून यावं लागतं.

निघण्याआधी: दिनदर्शिका

कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. तिथून सव्वासहा तास पुढे किंवा मागे पूर्ण ओहोटी. पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण फिरण्याच्या बेताला एवढं पुरे. पाण्यात उतरायचं असेल तर मात्र त्या दिवसाची छापील वेळ बघावी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आगेमागे भांग, म्हणजे दोन्ही बेताचं.

आपल्याला सकाळी रुंद, ओली, घट्ट वाळू हवी आणि दुपारपर्यंत चढतं पाणी हवं. हे द्वितीया ते चतुर्थी या तिथींना जुळतं. त्यातही वद्य पक्ष बरा, कारण पहाटे चंद्र पश्चिमेला, म्हणजे थेट समुद्रावर असतो. महिने मार्गशीर्ष ते माघ. फाल्गुनानंतर दुपार सोसत नाही, आणि पावसाळ्यात समुद्र लांबूनच बघायचा.

सामान थोडं: रुंद काठाची टोपी, सुती पंचा, बसायला घोंगडी (वाळूची ओल वर येऊ देत नाही), माणशी दोन लिटर पाण्याची बाटली, आणि मनगटी घड्याळ. घड्याळ मुद्दाम. वेळ बघायला म्हणून मोबाइल बाहेर निघतो आणि मग आत जात नाही.

पहिला दिवस, वद्य प्रतिपदा: सातारा ते गुहागर

साडेसहाला साताऱ्यातून निघायचं. उंब्रजला महामार्ग सोडला की रस्ता कोयनेच्या खोऱ्यात शिरतो. पाटणला पोटभर न्याहारी नको. पुढे घाट आहे. अगदी रिकामं पोटही नको, त्यानेही मळमळतं. दोन इडल्या किंवा एक भाकरी बेताची. वळणांत ज्यांना लागतं त्यांनी पुढे बसावं आणि नजर लांबच्या वळणावर ठेवावी. हातातल्या पडद्यावर बघत बसलेला माणूस कुंभार्लीत हटकून उलटी करतो: डोळे सांगतात स्थिर, कान सांगतात हलतंय, आणि मेंदूचा गोंधळ उडतो.

कोयनानगरला थांबायचं ते धरण बघायला आणि पुढच्या चार दिवसांची मोजपट्टी घ्यायला. शिवसागर भरला की १०५ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) वर पाणी धरतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायची मुभा दिली. पाणी दिसेल अशा जागी दहा मिनिटं बसावं. एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजावं; स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे बारा ते वीस असतात. मग नुसतं पाण्याकडे बघताना मन किती वेळा घरी, कार्यालयात, कर्जाच्या हप्त्यात गेलं ते बोटांवर धरावं. बोटं संपली तरी चालेल. वहीत दोनच आकडे लिहायचे. परतताना हेच पुन्हा करायचं असतं, म्हणून जागा लक्षात ठेवावी.

घाट उतरताना कान दडे बसल्यासारखे होतात, हवा जड होते, स्वेटर निघतो. शिरगावच्या पुढे माती लाल, घरं कौलारू. चिपळूणला जेवून दुपारी तीनच्या आत गुहागर गाठता येतं. मुक्काम अगदी वाळूला लागून घेण्याचा हट्ट नसावा. गुहागरची वस्ती किनाऱ्याला समांतर एका लांब रस्त्यावर आहे, वरचा पाट आणि खालचा पाट. घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यापलीकडे सुरूचं बन, मग वाळू. वाडीतल्या खोलीत समुद्राचा आवाज गाळून येतो: एकसारखी घरघर, सुटी लाट ऐकू येत नाही. असा एकसुरी आवाज रात्रीचे कुत्रे आणि गाड्या झाकून टाकतो. वाळूवरच्या खोलीत उधाणाची प्रत्येक लाट वेगळी आपटते आणि हलकी झोप असलेला माणूस तळमळत पडतो.

संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसायचं, बस. पहिल्याच दिवशी ध्यानाला बसणारे हमखास वैतागतात. अंगात अजून घाट असतो. सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, पाणी मागे हटत असतं. नऊला जेवण उरकून आडवं व्हावं. या रात्री झोप तुटक लागली तर खोलीला दोष देऊ नये: साताऱ्याच्या कोरड्या थंडीतून दमट हवेत आलेलं शरीर आणि अनोळखी आवाज, दोघांना एक रात्र द्यावी लागते.

दुसरा दिवस, वद्य द्वितीया: गुहागरचा किनारा

सहा वाजता वाळूवर. ओहोटी सव्वासातच्या सुमाराला पूर्ण होते, म्हणजे चालायला सगळा किनारा मोकळा. पाठीमागून, जमिनीकडून गार वारा येतो. हे मतलई वारे. रात्री जमीन पाण्याआधी निवते म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दहा-अकराला तो थांबतो, थोडा वेळ पान हलत नाही, आणि मग समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. पूर्वी शिडाची होडी पहाटे मतलईवर बाहेर जायची आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायची. तो बदल कानशिलावर ओळखता येणं हा आजचा पहिला धडा.

चालायचं ते असगोलीच्या दिशेने, अनवाणी, पाण्याच्या काठच्या ओल्या वाळूवरून. चाळीस मिनिटं जायचं, चाळीस यायचं. कोरड्या वाळूत चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते. उत्साहाने कोरड्या वाळूत तासभर तुडवलं की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरते, आणि पुढचा सगळा बेत खोलीत पडून. किनारा पाण्याकडे उतरता असल्याने जाताना एक पाय खाली, एक वर राहतो. येताना त्याच पट्ट्यातून आलं की दोन्ही कंबरांना सारखं होतं. गुडघा दुखरा असेल तर पाणी नुकतं ओसरलेली सपाट जागा धरावी.

लक्ष पायाच्या तळव्यावर. टाच, चवडा, अंगठा. मन भटकणारच, भटकलं हे कळलं की पुन्हा टाच. शंभर पावलांनी थांबून एकदा लांब बघावं. उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून दीड मीटरवर धरला तर क्षितिज साडेचार किलोमीटरवर असतं. सहा मीटरपलीकडे बघताना डोळ्याच्या भिंगाचा स्नायू सैल असतो. दिवसभर हातभर अंतरावर बघणाऱ्याला इथे डोळ्यांमागचा ताण उतरल्यासारखा वाटतो, त्यात गूढ काही नाही.

एका ठिकाणी थांबून खाली बघावं. ओहोटीच्या ओल्या वाळूत छोटी छोटी भोकं दिसतात आणि भोवती ज्वारीच्या दाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, भोकापासून किरणांसारख्या बाहेर गेलेल्या रांगांत मांडलेल्या. हे काम नखाएवढ्या खेकड्याचं. तो बाहेर येतो, वाळूची चिमूट तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म खाणं चाटून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो आणि एक पाऊल पुढे सरकतो. भोकाकडे जायला मधे एक वाट मोकळी ठेवतो. सावली पडली की त्याच वाटेने आत. त्याला बघायचं तर चार हातांवर उकिडवं बसून दोन-तीन मिनिटं हलायचं नाही. हललात की भोक, आणि पुन्हा पहिल्यापासून. ध्यानाला बसायला कंटाळणाऱ्या पोरांना आणि आजोबांना हे काम द्यावं. वीस मिनिटं कोणी हाक मारत नाही.

परत आल्यावर बैठक. जागा भरतीच्या रेषेच्या वर. वाळलेलं शेवाळ, शिंपले, काटक्या यांची जी ओळ दिसते ती रात्रीची भरतीची रेषा. सुरूच्या सावलीत, पण झाडाच्या मुळावर नाही. घोंगडीची दुहेरी घडी ढुंगणाखाली, गुडघे कुल्ल्यांपेक्षा खाली. मांडी जमत नसेल तर खुर्ची आणावी, त्यात कमीपणा नाही. डोळे उघडे, नजर फुटणाऱ्या लाटेच्या थोडी पलीकडे, वीस मिनिटं. लाट फुटली की एक, पुढची फुटली की दोन, असं दहापर्यंत, आणि पुन्हा एक. चुकलात तर चुकलात, एकपासून.

बहुतेकांची इथे एक गफलत होते. 'लाटेबरोबर श्वास घ्या' असं कुठेतरी वाचलेलं असतं. हिवाळ्यात गुहागरला लाट कधी दहा-बारा सेकंदांनी येते, ती लांब दक्षिणेकडून आलेली संथ लाट. तिच्यासोबत श्वास घेतला तर मिनिटाला पाच-सहा श्वास होतात, आणि या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एका लयीत वरखाली होऊ लागतात, अंग सैलावतं. पण खारा वारा सुटला की काठाशी चार-पाच सेकंदांच्या उथळ लाटा उठतात. त्यांच्या तालावर कोणी दीर्घ श्वास घेऊ लागलं की मिनिटाला बारा-पंधरा खोल श्वास होतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि माणसाला वाटतं ध्यान लागलं. लागलं नाही, श्वास जास्त झाला. घड्याळ लावून आधी दहा लाटा मोजाव्यात. शंभर सेकंद लागले तर लाटेसोबत श्वास चालेल. पन्नास लागले तर एका लाटेला आत, दुसरीला बाहेर. सगळ्यात सोपं म्हणजे श्वास त्याचा त्याला घेऊ द्यावा आणि लाट नुसती मोजावी.

लाटच का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी मांडलेला विचार इथे पटतो. हिशेब, वाहतूक, पडदा या गोष्टी लक्ष ओढून धरायला लावतात आणि ती ताकद दमते. लाट, ढग, हलणारं पान लक्ष धरून ठेवतात पण जोर लावायला लावत नाहीत, आणि तेवढ्यात दमलेली ताकद भरून येते. लाट दर वेळी तीच आणि दर वेळी थोडी वेगळी. तीच असल्याने दचकायला होत नाही, वेगळी असल्याने कंटाळा येत नाही. समुद्राच्या हवेतल्या ऋण भारित कणांनी मन प्रसन्न होतं, असं जे सांगतात त्याला मात्र भक्कम आधार नाही. मीठ-हवा विकणाऱ्यांचं ते आवडतं वाक्य आहे.

साडेनऊ ते साडेअकरा पाण्यात उतरायला बरी वेळ, कारण पाणी चढतं असतं. ओहोटीत उतरू नये, ते बाहेर नेतं. सगळीकडे लाटा फुटत असताना एखाद्या पट्ट्यात फुटत नसतील, तिथलं पाणी गढूळ आणि आत जाताना दिसत असेल, तर ती जागा शांत समजून उतरणारेच बुडतात. तिथून पाणी वेगाने समुद्रात परतत असतं. सापडलंच तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावं. न पोहणाऱ्याने गुडघ्याच्या वर पाणी घेऊ नये. ही सगळी खबरदारी गावातलं पोर सांगतंच, पण घाटावरचा माणूस विहिरीत पोहता येतं या जोरावर ऐकत नाही.

दुपारी जेवण. सुरमई आणि भाताचा डोंगर हाणून तीनला बैठकीला बसलेला माणूस घोरतो. म्हणून आज दुपारची बैठक नाहीच. झोपायचं, पाचला उठायचं, सूर्य बुडेपर्यंत पुन्हा वीस मिनिटं.

तिसरा दिवस, वद्य तृतीया: वेळणेश्वर आणि हेदवी

सकाळी तेच चालणं, तीच बैठक, फक्त पाऊण तास उशिरा, ओहोटी आठला. मग वेळणेश्वर. मंदिर किनाऱ्यालाच आहे, पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, वळसेदार, माडांची गर्दी. इथे आवाज ऐकायची बैठक करावी, डोळे मिटून. आधी सगळ्यात लांबचा आवाज, मग मधला, मग जवळचा, मग आपल्याच अंगातला. एकेका थराला तीन मिनिटं. ज्यांना घाबरंघुबरं व्हायची सवय आहे त्यांनी डोळे मिटू नयेत, अर्धवट उघडे ठेवून वाळूवर नजर ठेवावी. मिटल्या डोळ्यांनी एकट्या शरीराकडे लक्ष गेलं की काहींची छाती अधिकच धडधडते. अशा वेळी उठून पाण्यात पाय बुडवून उभं राहावं, ओढून बसू नये. औषधं चालू असलेल्यांनी ती चार दिवस बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत. मनाला खूपच जड वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

हेदवीच्या दशभुज गणपतीचं दर्शन आजच उरकावं. उद्या संकष्टी, उद्या रांग. तिथून बामणघळ, उमा-महेश्वराच्या देवळाशेजारी. काळ्या कातळाला पडलेली अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात कोंडतं आणि कारंज्यासारखं उंच उडतं. तृतीयेची भरती सव्वादोनची, तेव्हा एक ते तीन एवढीच वेळ. ओहोटीत जाणाऱ्याला कोरडी भेग बघून यावं लागतं आणि मग लोक सांगतात, बामणघळीत काही नाही. कोरड्या खडकावरच थांबावं. ओला, हिरवट खडक दिसला की तिथे पाणी येऊन गेलेलं आहे, म्हणजे पुन्हा येणार. बऱ्या लाटांमध्ये मधूनच एखादी मोठी येते आणि फोटोसाठी पाठ केलेल्यालाच गाठते.

शांत पुळणीचा आणि या घळीचा मनावरचा परिणाम एक नाही. पुळणीवर मन सैलावतं. घळीपुढे आधी दचकतं, मग आपण किती लहान आहोत हे जाणवून गप्प होतं. दुसऱ्यातून काळज्यांचा आकार तात्पुरता कमी होतो. थकलेल्या माणसाला मात्र पुळणच बरी.

चौथा दिवस, वद्य चतुर्थी: धोपावे, दाभोळ

समुद्राकाठी राहणाऱ्यांची प्रकृती बरी असते का, याची मोठी मोजणी इंग्लंडमध्ये झाली. तिथल्या २००१च्या जनगणनेची माहिती तपासली तेव्हा किनाऱ्याच्या जवळ राहणाऱ्यांत 'माझी तब्येत चांगली' म्हणणाऱ्यांचं प्रमाण थोडं जास्त निघालं, आणि हा फरक गरीब वस्त्यांत अधिक होता. हा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. २०१९मध्ये तिथल्याच सुमारे २६ हजार लोकांच्या पाहणीत, किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या कमी उत्पन्नाच्या लोकांत चिंता-नैराश्याचं प्रमाण कमी दिसलं. फरक आहे, पण थोडा आहे. शिवाय जवळ राहणं आणि बरं असणं एकत्र दिसलं म्हणून एकामुळे दुसरं झालं असं होत नाही.

ते आकडे डोक्यात ठेवून आज धोपाव्याला जावं. इथून दाभोळला फेरीबोट जाते. गाडीसकट माणसं पलीकडे नेते. मधलं पाणी वाशिष्ठीचं, म्हणजे त्यात पोफळीवरून उतरलेली कोयनाही आहे. बोटीवर उभं राहिलं की एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र, आणि पाण्याचा रंग मध्येच बदलतो. भरती चढत असेल तर गढूळ रेघ आत सरकताना दिसते, ओहोटीला बाहेर. आज ओहोटी पावणेनऊची, भरती तीनची. दहा-अकराच्या बोटीने गेलं तर रेघ आत जाताना सापडते.

दाभोळच्या धक्क्यावर थोडा वेळ काढावा. मासे उतरवणारे, बर्फ फोडणारे, जाळी शिवणारे. इथे कोणी समुद्राकडे टक लावून बसलेलं नाही. समुद्र हे त्यांचं शेत आहे, आणि शेताकडे बघून शेतकऱ्याचं मन शांत होतंच असं नाही हे साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. डिझेल, न मिळालेली मासळी, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी, वादळाचा लाल बावटा. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडच्या बागा आडव्या केल्या. जुलै २०२१मध्ये चिपळूण बुडालं. समुद्र जवळ असण्याची ही बाजू आहे.

तरी जाळं शिवणाऱ्या म्हाताऱ्याचे हात बघावेत. डाव्या हाताच्या बोटावर फाटलेला डोळा ताणलेला, उजव्या हातात दोऱ्याची सुई, गाठ, ओढ, पुढचा डोळा. बोलतो, विडी ओढतो, पण गाठ चुकत नाही. लक्ष एका कामावर आणि तेही न ताणता. आपण तीन दिवस लाटा मोजून जे करू बघतो ते इथे कामातच मुरलेलं आहे. परवानगी विचारल्याशिवाय फोटो काढू नये.

गुहागरात परत आल्यावर संध्याकाळी किनाऱ्यावर कोण आहे ते बघा. गावातली माणसं थोडीच. पाटावरच्या कित्येक घरांतून वाडी ओलांडली की पाच मिनिटांवर समुद्र, आणि तिथे महिनोन्‌महिने जाणं होत नाही. जाणारे ठरावीक: सकाळी चालणारे निवृत्त शिक्षक, कुत्रा फिरवणारे, शाळा सुटल्यावर क्रिकेटची पोरं. समुद्र घराजवळ असून भागत नाही, त्याच्याकडे जावं लागतं. जो जातो त्याचं चालणं होतं, सकाळचं ऊन मिळतं, नजर लांब जाते, आणि अर्धा तास करण्यासारखं काहीच नसतं. आमच्या मते किनाऱ्याचा गुण बहुतेक या चार गोष्टींत आहे, आणि चारही गोष्टी दुसऱ्या पाण्याकाठीही मिळतात.

आज संकष्टी. चंद्र नऊच्या सुमाराला माडांच्या मागून वर येतो. उपास असणाऱ्यांनी दुपारी उन्हात चालू नये आणि पाणी पीत राहावं. दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून किती गेला ते कळत नाही, आणि संध्याकाळी जे डोकं दुखतं ते मोदकाने राहत नाही.

पाचवा दिवस, वद्य पंचमी: कराडमार्गे सातारा

ओहोटी साडेनऊला, त्यामुळे सकाळची बैठक सातला, अजून उतरत्या पाण्यापुढे. आठला निघायचं. कोयनानगरला पहिल्या दिवशीच्याच जागी दहा मिनिटं: श्वास किती, मन किती वेळा गेलं. श्वास बहुतेक दोन-तीनने कमी भरतात. मन जाण्याचा आकडा काहींचा वाढतो, त्याने खट्टू होऊ नये. मन तितकंच जात होतं, आता ते गेलेलं कळायला लागलं आहे. वेगळी वेळ, वेगळी भूक, घाट चढून आलेलं अंग, या सगळ्याचा फरक आकड्यात मिसळतो, तेव्हा त्याची जाहिरातही करू नये.

पाटणवरून उंब्रजला न वळता थोडा फेर घेऊन कराडला जावं, प्रीतिसंगमावर. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी इथेच आहे. शिवसागरापर्यंत आपल्यासोबत असलेल्या कोयनेचं हे दुसरं टोक, पूर्वेला जाणारं. संध्याकाळी पाचला घाटाच्या पायरीवर वीस मिनिटं बसलं की फरक लगेच कळतो: इथे लाट नाही, मोजायला काही नाही, आवाज माणसांचा आणि भेळवाल्याचा. नदीवर मोजू नये. प्रवाहात वाहत आलेली एक काटकी किंवा पान धरावं, दिसेनासं होईपर्यंत नजर त्याच्यावर, मग दुसरं. दोन प्रवाह मिळतात तिथे ते पान एकदा गिरकी घेतं आणि मग पूर्वेची वाट धरतं.

साताऱ्यात पोचल्यावर आठवड्याचा हिशेब असा ठेवता येतो. इंग्लंडमध्ये सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीवरून २०१९मध्ये असं दिसलं की आठवड्यात १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांत तब्येत आणि समाधान बरं असण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि ती मिनिटं एका दमात घालवली की तुकड्यांनी याने फरक पडला नाही. म्हणजे चाळीस मिनिटांच्या तीन फेऱ्या. दोन सकाळी, संगम माहुलीच्या घाटावर. कृष्णा-वेण्णेचा संगम शहरापासून अगदी जवळ, सूर्य पाण्याच्या बाजूने वर येतो आणि सातपर्यंत वर्दळ नसते. अंत्यविधीचा दिवस असेल तर काठ बदलावा, इतकंच. तिसरी फेरी सुट्टीच्या दिवशी कास तलावावर, पण फुलांचा हंगाम सोडून. भाद्रपदात तिथे पाण्यापेक्षा गाड्या जास्त दिसतात. शहराबाहेर जाणं जमत नसेल तर यवतेश्वरच्या पायथ्याचा महादरे तलाव. तिथे लाट वाऱ्यावर अवलंबून, म्हणून लाटांऐवजी पाण्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांकडे किंवा वाऱ्याने उठणाऱ्या सुरकुत्यांकडे लक्ष द्यावं.

श्रावण-भाद्रपदात धरणांतून विसर्ग सुरू झाला की माहुली आणि कराड दोन्ही ठिकाणी खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, आणि वरच्या पायऱ्यांवरही शेवाळं धरतं. तेव्हा भोंगा वाजला किंवा पाणी गढूळ होऊन चढू लागलं की घोंगडी उचलायची आणि अजिंक्यताऱ्याच्या वाटेला लागायचं. तिथून कृष्णेचं पात्र लांबून दिसतं, आणि तेवढे दिवस लांबून बघणंच ठीक.